नग बारा

शेड्यूल ब, बाब चार:
जमिनीत भोक पाडणे, खोली तीन मीटर,
माती काचेच्या बरणीत भरणे, झाकणाला मेण,
लेबल, सही, बर्फाची पेटी, प्रयोगशाळेची पोच.
नग बारा.

मी दर भरते. कडोलकर कंत्राटदारांकडे
चौदा वर्षं: गटारं, पाण्याच्या टाक्या,
एकदा स्मशानाचं कंपाऊंड.
विषाचं टेंडर हे पहिलंच.

कागद कानडीत. वर जाड अक्षरांत
अपायकारी त्याज्य.
कुणाला विचारावं लागलं नाही.
अपाय आपलाच, त्याज्यही आपलंच,
फक्त आमच्या गल्लीतल्या कीर्तनात त्याज्य म्हणजे
परधन, परनिंदा, असलं काहीबाही.
इथं: क्रोमच्या हौदांतला गाळ,
अंदाजे चारशे टन, अंदाजे दोन एकर,
अंदाजे वीस वर्षांपासून.
कारखानदाराच्या रकान्यात ‘माहिती उपलब्ध नाही’.
हुलगेवाडीच्या स्टॉपवर उतरून विचारा,
त्याच्या नव्या बंगल्याचा रंगसुद्धा सांगतील.

साइट बघायला गेले. बरोबर लुमाण्णा,
आमचा भोकं पाडणारा.
त्यानं त्याच हौदांवर नऊ वर्षं काढलेली.
नाकाच्या पडद्याला आरपार छिद्र:
काडेपेटीतली काडी एका नाकपुडीतून घालतो,
दुसरीतून काढतो. पोरं टाळ्या पिटतात.

एका बाईनं बोअर हापसून दाखवली.
‘असंच पिवळं येऊलालंय बघा.
हळदीकुंकवाला येगळी हळद नको.’
स्वतःच हसली. आम्ही नाही.

नकाशावर बारा टिंबं,
सगळी कुंपणाच्या आत, रस्त्याच्या कडेनं,
साहेबांची जीप जाते तिथपर्यंत.
लुमाण्णा टिंबांकडे बघेचना.
कुंपणातून वाकून बाहेर पडला,
शाळेच्या मैदानावर गेला,
खोखोच्या वरच्या खांबापाशी थांबला.
‘पिंपं हितं हाईत. रात्रीचं आमीच पुरलोय.
किती ते कोण मोजा म्हटलं नव्हतं.’

शंकासमाधानाच्या बैठकीत मी लेखी विचारलं:
तेरावं भोक कुठल्या बाबीत धरायचं?
लेखी उत्तर आलं, शिक्क्यासकट:
निविदेतील अटींप्रमाणे.

मग मी मेण महाग केलं.
बरणीमागे चारशे रुपये जादा.
बारा बरण्यांच्या मेणात
एक भोक बसतं, मैदानातलं,
हे कडोलकरांना सांगितलं नाही.
पाचला दहा कमी असताना डिजिटल सही, बटण.

दर उघडले. आम्ही दुसरे.
फरक तीन हजार दोनशे.
म्हणजे मेणानंच घालवलं.

काम हुबळीच्या कंपनीला.
त्यांनीही लुमाण्णालाच घेतलं, रोजावर.
बारा भोकं, बारा बरण्या, झाकणांना स्वस्त मेण.
अहवाल अडीचशे पानांचा, शेवटी एक ओळ:
प्रमाण मर्यादेत.
त्या ओळीवर साफसफाईचं पुढचं टेंडर
निघायच्या आधीच रद्द.

‘मेण काय मधाच्या पोळ्यातून आणणार होतीस?’
कडोलकर अजून विचारतात.
मी चहा मागवते.

काल पोर्टलवर नवीन आलंय, छोटं,
मोठे कंत्राटदार ढुंकूनही बघणार नाहीत असं.
हुलगेवाडी, सरकारी शाळा:
खोखोचे खांब बदलणे,
खड्डा, काँक्रीट, चुना. नग दोन.

लुमाण्णाला फोन लावला.
पलीकडे दळपाची गिरणी चालू असावी.
‘खोली किती घातलेत?’
‘एक मीटर.’
बराच वेळ नुसती गिरणी.

‘पण जमीन भुसभुशीत आहे,’ मी म्हटलं,
‘असा शेरा मारता येतो.’